दार काढलेलं विमान

"जन्म गेला माझा गाड्यांचा मळ काढण्यात," सोमनाथ चहाच्या कपाशी बोलत होता, "आणि आमची बाई बघा. चांगल्या धुतलेल्या विमानाला मळ लावत बसलीय. वर पंख्यावर बोटभर धूळ, ती दिसत नाही. विमानाला मात्र धूळ कमी पडतीय."

कपानं उत्तर दिलं नाही. उज्वलाला मात्र सगळं ऐकू गेलं, कारण सिडकोतल्या त्या पुढच्या खोलीत पुटपुटलेलं थेट कानातच जायचं. तिच्या डाव्या हाताला शिलाईचं मशीन आणि उजव्या हाताला संगणक. गिऱ्हाईक आलं की खुर्ची डावीकडे फिरायची, गेलं की उजवीकडे.

"पंखा काय लढाईवर गेला होता?" ती मान न वळवता म्हणाली. "विमान गेलं होतं. लढाईवरून आलेलं विमान नव्या नवरीसारखं दिसेल का?"

"तुला काय माहीत कसं दिसतं?"

"पावसाळ्यात पेठचा घाट करून आलेली तुमची एसटी कशी दिसते?"

सोमनाथ एसटी डेपोच्या वर्कशॉपमधून याच वर्षी निवृत्त झालेला. घाटातून आलेली गाडी कशी दिसते हे त्याला विचारणं म्हणजे गवळ्याला दूध कसं असतं ते विचारणं. कप ठेवून तो नको नको म्हणत संगणकाच्या पडद्यापाशी आला. हिरव्या-मातकट रंगाचं एक जुनं विमान तिथे पोट पसरून उभं होतं.

"इंजिनामागं काळं आणखी ओढ," तो म्हणाला. "तेल गळतंच. न गळणारं इंजिन मी बघितलं नाही."

"आता कसं!"

"पण पंखा पूस," म्हणून तो निघून गेला.

कोपऱ्यातल्या पलंगावर नवसाबाई मेथी निवडत होत्या. उज्वलाची आई. त्र्याहत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. विमानाचा विषय निघाला की त्यांची मेथी जरा सावकाश निवडली जायची, एवढंच.

हे विमानाचं वेड घरात आणलं सायलीनं. उज्वलाच्या या लेकीला कॉलेजात असताना वैमानिक व्हायचं होतं. त्यासाठी संगणकावर विमान उडवायचा खेळ आला. खेळ म्हटलेलं तिला खपायचं नाही; "सिम्युलेटर म्हण, आई." पुढे सायलीचं विमान पुण्याच्या एका कंपनीत जाऊन उतरलं आणि तो अवजड संगणक, दांड्या-पेडलांसकट, आईच्या मशीनशेजारी राहिला. उज्वलाला विमान उडवता काही आलं नाही. तिनं उडवलं की ते ओझरची धावपट्टी सोडून कुणाच्या तरी द्राक्षबागेत जाऊन बसायचं. पण एके दिवशी तिच्या हाती विमानाचं कातडं लागलं, आणि बाई तिथेच अडकली.

कातडं म्हणजे काय, तर एक सपाट चित्र. पंख इथे, शेपटी तिथे, पोट मधोमध उसवून दोन्ही बाजूंना पसरलेलं. त्यावर जो रंग द्याल तो खेळातल्या विमानाच्या अंगावर चढतो. सायलीनं फोनवरून समजावून सांगितलं तेव्हा उज्वला हसायलाच लागली.

"अगं, हा तर बेतलेला ब्लाउज!"

पाठ, पुढचे भाग, बाह्या, कळ्या. शिवणीवर काठाला काठ जुळला पाहिजे, झालं. येवल्याच्या पैठणीचा काठ दोन्ही बाह्यांवर जुळवण्यात जिची उमर गेली, तिला विमानाच्या पोटावरचा पट्टा जुळवणं काय अवघड! पहिल्याच विमानाला मात्र तिनं शिंपिणीची चूक केली. ब्लाउज बेतताना कापड दुमडून घेतात, दोन्ही बाजू एकदम निघतात. विमानही तिनं तसंच दुमडून घेतलं. डावीकडचे आकडे सरळ आले, उजवीकडचे आरशात दिसावेत तसे उलटे. सायली आठवडाभर हसत होती.

जगभर अशी माणसं आहेत. कुठल्या लढाईत कुठलं विमान कुठला रंग अंगावर घालून गेलं, यावर ती कडाकडा भांडतात. त्या पोशाखाला ती लिव्हरी म्हणतात. उज्वलाला ही माणसं आवडली. अर्ध्या इंचावरून इतकं भांडणारी माणसं तिला आजवर फक्त लग्नसराईत भेटली होती. हळूहळू तिच्या लिव्हरी लोक उतरवून घ्यायला लागले. पण लढाऊ विमानांच्या वाटेला ती गेली नाही. तिनं रंगवली ती ओझ्याची विमानं. पीठ, मीठ, रॉकेल, खेचरं, जखमी माणसं वाहणारी.

कारण तिच्या बापाचं विमान ओझ्याचं होतं.

मल्हारी पिंगळे. वणीजवळच्या खेड्यातला, सैन्यात गेलेला. त्याचं काम छातीवर पदक लावण्याचं नव्हतं, सरळ हमालीचं होतं. डोंगरात अडकलेल्या पलटणींना उडत्या विमानातून रेशनची पोती ढकलायची. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यानं नवसाबाईंना ते सारं सांगितलं होतं. विमानाचं दार काढूनच ठेवतात, कारण दार असलं तर पोती बाहेर कशी जाणार? कमरेला दोर बांधायचा, खाली बसायचं आणि दिवा लागला की पायानं ढकलायचं. वारा असा आत येतो की बोललेलं तोंडातल्या तोंडात राहतं. पहिली म्हटलेली ती सुट्टी शेवटचीही ठरली. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई चालू असताना, पूर्वेकडच्या डोंगरांवर त्याचं विमान गेलं. पोती खाली पोचली. विमान परत आलं. मल्हारी तेवढा आला नाही.

दोर तुटला म्हणाले. बेपत्ता म्हणाले. उज्वला तेव्हा आईच्या पोटात होती.

मग जे होतं ते झालं. माणसाचं मढं मिळालं नाही की त्याच्या जागी गोष्टी येऊन बसतात. कुणी म्हणालं, झाडीत पडला असेल, तिकडच्या लोकांनी ठेवून घेतला असेल. कुणी म्हणालं, डोक्याला मार लागला, गाव विसरला. एक कुंभमेळा आला, आणि गावातल्या कुणाला तरी मल्हारी तपोवनात साधूंच्या मेळ्यात दिसला. झालं! तेव्हापासून दर कुंभाला नवसाबाईंना साधू बघायला नेणं हे घरातलं व्रतच होऊन बसलं. राखेतले, जटांतले, चिलमीतले. नवसाबाई एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो नाय."

उज्वला वर्षाची झाली तेव्हा भावकीतली मोठी माणसं सासऱ्याकडे येऊन बसली होती. कुंकवाचं काय करायचं, बांगड्यांचं काय करायचं, म्हणून. नवसाबाई लेकराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात आल्या आणि म्हणाल्या, "मढं दाखवा, मंग पुसते."

कोण कुठून दाखवणार? मंडळी चहा पिऊन उठली. सासऱ्यानं डोळ्याला धोतराचा सोगा लावला. म्हणाला, केवढी आशा हाय पोरीला! तेव्हापासून ती आशा सगळ्यांनी मिळून सांभाळली. पेन्शन सुरू झाली, म्हणजे सरकारनं काय ठरवायचं ते ठरवलं होतं. पण सरकारी कागदातला तो शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात बँकेत गेलं की नवसाबाई म्हणायच्या, "मी जिती हाय एवढं सांगायचं. बाकीचं त्ये विचारत नायीत, आपण सांगायचं नाय." पितरांच्या पंधरवड्यात आजोबांचं पान वाढलं जायचं, आजीचं वाढलं जायचं. मल्हारीचं नाही. साऱ्या देशातली माणसं आपापली माणसं पाण्यात सोडायला रामकुंडावर येतात. ही माणसं रामकुंडापासून रिक्षानं एवढ्याशा अंतरावर राहत होती, आणि त्यांच्या माणसासाठी कुणी तीळभर पाणी सोडलं नव्हतं.

उज्वला त्यातच वाढली. बाबांबद्दल बोलताना "होते" म्हणायचं नाही आणि "आहेत" म्हणायचं नाही, वाक्य मध्येच सोडून द्यायचं, हे ती बोलायला शिकतानाच शिकली.

तर असं ते विमान. घरात त्याचा एकच फोटो. चार जवान उभे, दुसरा मल्हारी, हसताना डोळे मिटलेले. मागे विमानाचा हातभर तुकडा, त्यात दाराचं काळं भोक, आणि आकडे. आकड्यांतले शेवटचे दोन कुणाच्या तरी खांद्यामागे गेलेले. त्या हातभर तुकड्यावरून उज्वलानं सगळं विमान बेतलं. पोशाख कसा, तर मूळचं चंदेरी अंग आणि लढाईच्या घाईत त्यावर कुंचल्यानं फासलेला हिरवा-मातकट रंग. कडा ओबडधोबड, कारण फासणाऱ्याला घाई होती. खेळातल्या विमानाचं दार बंद होतं आणि ते काढता येत नव्हतं, म्हणून तिनं दाराच्या जागी काळोख रंगवला. कडेला पोती घासून रंग उडालेला दाखवला. आणि जे दोन आकडे तिला माहीत नव्हते, तिथे चिखलाचा एक फराटा ओढला. मनानं आकडे टाकायला ते काय लॉटरीचं तिकीट होतं?

हे विमान राकेशनं बघितलं आणि तिथून सगळं बिनसलं.

राकेश म्हणजे कॉलेज रोडला विमान उडवायच्या खेळाची खोली चालवणारा तिशीतला तरुण. वॉर्डातल्या एका मॅडमच्या पुढेमागे असायचा. विजय दिवसाला समाजमंदिरात कार्यक्रम, मोठ्या पडद्यावर एकाहत्तरची विमानं, मुलांना उडवायला मिळणार, आणि मॅडमच्या हस्ते नवसाबाईंचा सत्कार, असं त्यानं ठरवलं. स्वतः घरी आला, आजींच्या पाया पडला, चहाला नको म्हणाला नाही. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तो पुन्हा आला, खुशीत.

"काकू, तुमची लिव्हरी थोडी अपग्रेड केली. बघा."

उज्वलानं त्याच्या फोनमध्ये बघितलं. तिला आधी वाटलं दुसरंच कुठलं विमान असेल. दुधासारखं पांढरं, चकाचक. नाकापासून शेपटीपर्यंत तिरंग्याचा पट्टा. शेपटीवर हात जोडून उभ्या मॅडम.

"ह्या कोण?"

"मॅडम."

"एकाहत्तर साली ह्या विमानात होत्या?"

"काय काकू तुम्ही पण! त्यांचा जन्म तरी झाला होता का?"

"तेच विचारतेय."

"स्पॉन्सर आहेत ना त्या. आणि पब्लिकला तुमचं ते डल चालत नाही. लहान मुलं येणार, फोटो निघणार. जरा पॉप झालं पाहिजे."

"माझा मळ कुठं गेला?"

"काढला."

पलंगाशेजारी पेपर वाचत बसलेला सोमनाथ पेपरातूनच म्हणाला, "तेल पण काढलं?"

"काका, नवंकोरं करून टाकलं!"

"मग ते उडत नसणार," सोमनाथ म्हणाला.

उज्वलाचं बोट पडद्यावर सरकत होतं. "हे आकडे? मी चिखल लावला होता तिथे?"

"दोन आकडे मिसिंग होते, मी टाकले. सात आणि एक. एकाहत्तर! भारी ना?"

आता सांगा, ह्याला काय म्हणावं? गिऱ्हाइकाची बाही आखूड झाली तर उज्वला स्वतः उसवून पुन्हा शिवायची, पैसे न घेता. आणि इथे एका माणसाचं विमान, त्या माणसाचा एकुलता एक हातभर पुरावा. त्यावर हा सात आणि एक लिहून मोकळा! तिची कानशिलं तापली.

"राकेश, तुझ्या गाडीचा नंबर मी बदलला तर चालेल? मला आवडेल तो लावते."

"काकू, चिडू नका..."

"आणि दार लावलंस."

"उघडं दार कसंतरी दिसतं. लोकांना वाटेल विमान मोडकं आहे."

"दार लावलं तर पोती कुठून टाकायची?"

हे उज्वला बोलली नव्हती. पलंगावरून नवसाबाई बोलल्या होत्या. राकेश हसला, "बरोबर, आजी, बरोबर," म्हणाला आणि उज्वलाला डोळ्यानं बाहेर बोलावलं.

जिन्यात त्यानं आवाज खाली घेतला. विमानाच्या पोटाखाली त्यानं मोठ्या अक्षरांत बापाचं नाव घातलंय, ते तिनं बघितलं का? त्यानं दाखवलं. नावाच्या आधी एक शब्द होता, शहीद. उज्वलानं फोन पालथा करून त्याच्या हातात दिला.

"अजून एक," तो म्हणाला. "राग मानू नका. मॅडमच्या माणसांनी आजींचा फोटो बघितला. ते म्हणाले, वीरपत्नीचा सत्कार आणि कपाळावर एवढं कुंकू, हिरव्या बांगड्या. लोक विचारणार. पेपरात फोटो आला की लोक म्हणणार, खोटंच काहीतरी. तर त्या दिवसापुरतं जरा... साधंसं. पांढरी नाही, फिकी साडी. समजताय ना?"

उज्वलाला समजत होतं. रंगावरून, आकड्यांवरून, दारावरून तिच्या तोंडात कितीतरी शब्द होते. त्यातला एकही आता उपयोगाचा नव्हता. कारण त्याला शिवी घालायची तर आधी त्याच्या बोलण्यातला तो शब्द उच्चारावा लागणार, आणि तो उच्चारायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. तिचा बाप बेपत्ता होता. बेपत्त्याच्या बायकोला कुंकू असतं. वीराच्या बायकोला नसतं म्हणे. सत्कार करताना हार घालणार आणि कुंकू काढून घेणार! भावकीतल्या म्हाताऱ्यांना जे जमलं नाही, ते आता मंडप घालून, माईक लावून करणार!

"मी बघते," एवढंच तिच्या तोंडून निघालं. स्वतःचा तिला इतका राग आला की वर येताना तिनं कठड्याला एक चापट मारली आणि हात चोळत घरात आली.

"काय म्हणत व्हतं पोरगं?" नवसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. दाराचंच."

"हं," नवसाबाई म्हणाल्या. "दाराचंच आसणार."

जिन्यातलं बोलणं सोमनाथच्याही कानावर पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टूल घेऊन पंखा पुसायला चढला आणि वरूनच म्हणाला, "जाऊच नये म्हणतो मी. सासूबाईंची तब्येत बरी नाही म्हणून सांगू."

"तब्येतीचं खोटं कशाला? आई खडखडीत आहे."

"मग खरं सांगशील?"

पंख्यावरची धूळ तिच्या कापलेल्या कापडावर पडत राहिली. खरं म्हणजे काय, तेच तर कुणी ठरवलं नव्हतं.

विजय दिवसाला नवसाबाई न सांगता लवकर आवरून बसल्या. अंजिरी साडी, हिरव्या बांगड्या, आणि कुंकू रोजच्याहून कणभर मोठंच. उज्वलानं ते बघितलं. ब्लाउजच्या आत रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह तिनं एकदा चाचपून घेतला. त्यात तिचं विमान होतं, मळासकट.

पुढल्या कुंभासाठी रस्ते खणून ठेवलेले, रिक्षा गोल गोल फिरत निघाली.

"परत कुंभ आला व्हय?" नवसाबाई.

"यायचाय, आई."

"आता मला साधू बघायला नेऊ नको बाई. समदे सारखेच दिसत्यात."

समाजमंदिरात गर्दी होती. दारातच एका स्वयंसेविकेनं नवसाबाईंच्या पदराला गोल बिल्ला लावला आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. राकेश लगबगीनं आला, आजींच्या कपाळाकडे बघितलं, मग उज्वलाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "काकू, आपलं बोलणं झालं होतं," तो पुटपुटला.

"तू बोलला होतास," उज्वला म्हणाली.

मॅडम अजून यायच्या होत्या. मोठ्या पडद्यावर ते पांढरंधोप विमान शेपटीवरच्या मॅडमसकट ढगांतून चाललं होतं. बाजूला दांडा धरून बसायला मुलांची रांग. आणि तिथे संगणकापाशी उज्वलाला सोमनाथ दिसला. घरी बसतो म्हणाला होता तो! इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि संगणक चालवणाऱ्या मुलीशी वर्कशॉपमधल्या आवाजात बोलत होता.

"बाई, हे विमान मला ओळखू येत नाही. आमच्या सासऱ्यांचं हे नाही."

"पण सरांनी हेच लावायला सांगितलंय..."

"सरांचे सासरे होते का ते? आण गं उज्वला."

उज्वलानं पाठ वळवून रुमाल काढला. राकेश धावत येईपर्यंत फाइल चढली होती. तो "काका, काका" करत राहिला. सोमनाथ त्याच्या आणि संगणकाच्या मधे नुसता उभा राहिला, बिघडलेली गाडी कुणी डेपोबाहेर काढू नये म्हणून फाटकात उभं राहावं तसा. पडदा क्षणभर काळा झाला. मग विमान आलं. हिरवं, मातकट, तेलकट, इंजिनामागे काळी जीभ ओढलेलं, आकड्यांवर चिखल. ते वळलं आणि त्याचं काढलेलं दार दिसलं, अख्ख्या पडद्यावर, दाराएवढाच काळोख.

रांगेतली मुलं म्हणाली, "हे भारी आहे!" आणि राकेश खुर्चीत बसला.

तेवढ्यात कार्यक्रमाला आलेल्या बायकांना हळदी-कुंकू लावत राखी नावाची एक मुलगी पहिल्या रांगेत पोचली. हातात करंडे ठेवलेलं तबक. नवसाबाईंपुढे तिनं वाकून बोट कुंकवात बुडवलं आणि तिची नजर बिल्ल्यावर गेली. मग कपाळावर. मग पुन्हा बिल्ल्यावर. बोट तसंच हवेत राहिलं.

आजूबाजूच्या बायकांपैकी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"काय झालं गं?" नवसाबाई. "संपलं का?"

"नाही आजी... ते तुमच्या बिल्ल्यावर..."

"काय लिवलंय? मला चष्म्याबिगर दिसत नाय."

राखीनं राकेशकडे बघितलं. राकेशनं जमिनीकडे. शेजारच्या बाईला एकाएकी आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं.

"उजे, तू वाच."

उज्वला आईजवळ येऊन खाली बसली. बिल्ला हातात घेतला. "वीरपत्नी," तिनं वाचलं.

"म्हंजे?"

"म्हणजे, आई... बाबा..." आणि सवयीनं वाक्य तिथेच सुटलं. जन्मभर सुटत आलं होतं, तिथेच. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सुटलं. मग तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नवसाबाई पडद्याकडे बघत होत्या. विमान हळूच कलत होतं आणि ते काळं दार त्यांच्या समोरून जात होतं.

"दार बरोबर काढलंस," त्या म्हणाल्या. "घासलेलं पण काढलंस कडंला." मग त्यांनी लेकीच्या हातावर आपला हात ठेवला. आवाज मोठा नव्हता, पण हॉलमध्ये दुसरा आवाजच उरला नव्हता.

"तुझा बाप मेला, उजे. त्याच दारातनं. मला तवाच ठावं झालं. मढं कुनी दावणार नाय हे ठावं व्हतं, म्हनून तर मी मढं मागितलं."

आणि राखीचं बोट अजून हवेतच होतं, म्हणून त्यांनी कपाळ पुढे केलं.